काकूंचा ठिपका

माझ्या धाकट्या भावाला एक व्यसन आहे आणि ते दारूचं नाही, याचं घरात सगळ्यांना समाधान आहे. मला नाही. पिणारा माणूस निदान रविवारी सकाळी झोपलेला असतो. हा पोहे गार करत लॅपटॉपवर आलेख काढत बसतो. आठवडाभर कंपनीत प्रोग्रामिंग, आणि सुट्टीच्या दिवशी कोणी मागितलेलं नसताना पुन्हा तेच, फुकट. मग ते रंगीत चित्र आपल्यासारख्याच हौशी मंडळींच्या ऑनलाइन ग्रुपात टाकायचं. सोबत कोडही टाकायचा, म्हणजे आणखी कोणाला आपला रविवार वाया घालवायचा असेल तर त्याला पहिल्यापासून सुरुवात नको.

इंदूरबाहेर सिमरोलच्या बाजूला एका कॉलेजात या मंडळींचा मेळावा होता. भावाची गाडी गॅरेजात, म्हणून मी ड्रायव्हर. एका गृहस्थाने वर्षभरातल्या स्वतःच्या शिंकांचं गोल चित्र केलं होतं, ऋतूप्रमाणे रंग बदलणारं. दुसऱ्याने इंदूरचा नकाशा लावून सिद्ध केलं की लोक पोहे सकाळी जास्त खातात. यावर टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी "क्या बात है भिया" म्हणालं. हे शोधायला कॉम्प्युटर कशाला लागतो, कोपऱ्यावरच्या कढईपाशी उभं राहिलं तरी पुरे, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण टाळ्या मीही वाजवल्या, कारण नाश्ता अजून यायचा होता.

तोवर हा सगळा वेडेपणा घराबाहेर होता. भाद्रपदात तो घरात शिरला.

आमच्या घराण्याच्या महालक्ष्म्या छत्रीबागेत काकूंकडे बसतात. काका गेल्यापासून काकू तिथे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या असतात. आमच्यात मुखवटे कोणी आपणहून उचलून न्यायचे नाहीत. ठेवणारीने स्वतः सुपात तांदळावर ठेवून हातात दिले, तरच ते दुसऱ्या घरी जातात. गेल्या वर्षीपासून काकू वाढता वाढता म्हणत होत्या, "आता माझ्याने होत नाही बाबा." या वाक्याला उत्तर एकच असतं: तुम्हीच करा काकू, हाताखाली आम्ही आहोत. ते त्यांना ऐकायचं होतं. मुखवटे गेले की त्यांचा जिना चढायला कोणाला कारणच उरणार नाही, हे त्या चांगलं जाणून होत्या. पण आम्ही सगळे तेव्हा पुरणपोळीत गुंतलो होतो. उत्तर कोणीच दिलं नाही.

यंदा भावाने ठरवलं की जेवणाच्या दिवशी घराण्याला एक सरप्राइज द्यायचं. मोबाइलवरच्या घरच्या ग्रुपात वर्षभर कोण कोणाशी बोललं, याचं चित्र. प्रत्येक माणूस एक ठिपका, जास्त बोलणाऱ्याचा मोठा. दोघांचं बोलणं जितकं जास्त, तितकी मधली रेघ जाड. ग्रुपचा ॲडमिन मी आहे, घराण्याने मला दिलेलं हे एकमेव पद, त्यामुळे सगळ्या गप्पा काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी दिल्या. माझा ठिपका मोठा येईल अशी मला आशा होती.

जेवणं झाल्यावर त्याने काकूंच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. खरं सांगायचं तर चित्र देखणं होतं. मध्ये माझी बायको, मोगऱ्याच्या फुलाएवढी. मी तिच्या शेजारी मोहरीएवढा. सगळे आपापला ठिपका शोधून एकमेकांना टोमणे मारायला लागले. काकू पदराला हात पुसत आल्या, चष्मा लावला आणि बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"छान आहे रे. यात मी कुठे?"

काही माणसांना खोटं बोलता येत नाही आणि आपल्याकडे त्याला सद्गुण समजतात.

"तुम्ही होतात काकू," भाऊ म्हणाला. "पण तुमच्याकडे एकही रेघ जात नव्हती, त्यामुळे सगळं चित्र एका बाजूला कलत होतं. आमच्या ग्रुपवाल्यांनी सांगितलं, सुटा ठिपका काढून टाक, लेआउट सुधारेल. म्हणून काढला."

सगळे काकूंकडे बघायला लागले. आपलं काहीतरी चुकलं एवढं त्याला कळलं, म्हणून त्याने घाईघाईने आधीचं चित्र लावलं. त्यात काकू होत्या. खाली कोपऱ्यात, बाकी गोतावळ्यापासून लांब, पाटावरून घरंगळलेल्या साबूदाण्यासारख्या.

काकू घरच्या ग्रुपात सगळं वाचतात, लिहीत नाहीत. काही सांगायचं असेल तर फोन करतात, आणि तो आम्ही "नंतर करतो" म्हणून ठेवतो. नंतरचा हिशोब कोणत्याच कॉम्प्युटरकडे नसतो.

"बरं झालं, दिसलं तरी," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मुखवटे तुम्ही न्या. मी सुपात घालून देते."

आणि त्या विड्याचं तबक आणायला आत गेल्या.

त्यानंतर भावाने जे केलं ते त्याच्या मंडळींनाच सुचू शकतं. त्याने त्या हौशी ग्रुपवर विचारलं, चित्रातली एक व्यक्ती दुखावली आहे, काय करावं? भराभर उत्तरं आली. एकाने ठिपक्याचा रंग सौम्य करायला सांगितला. दुसऱ्याने फोन कॉलचाही डेटा घे म्हणून सुचवलं. तिसऱ्याने आकाराचं नवं सूत्रच लिहून पाठवलं, त्यात काकू आपोआप फुगतील. तिच्याकडे जाऊन ये, असं एकालाही सुचलं नाही. मी हे तावातावाने बायकोला सांगत होतो. तिने विचारलं, "आणि तुम्ही कधी जाताय?"

गेलो. भावालाही गाडीत घातलं, रविवारी, पोह्यांसकट. काकूंची समजूत घालायला मी एक छोटंसं भाषण तयार केलं होतं: चित्र चुकीचं आहे, मशीनला माणूस काय कळतो, वगैरे. काकू गवारीच्या शेंगा मोडत होत्या. दोन वाक्यांतच त्यांनी मला थांबवलं.

"खोटं कुठे काढलंय त्याने? येतं कोण?"

भाषण तिथेच संपलं. त्या शिंकवाल्याच्या जातीच्या लोकांनी काढलेली एक गोष्ट खरी निघाली, आणि तीही हीच निघावी, याचा राग मला अजून आहे. भावाने मान खाली घालून शेंगांचं ताट आपल्यापुढे ओढलं. शेंगा त्याला मोडता येत नाहीत. काकूंनी त्याने मोडलेली प्रत्येक शेंग पुन्हा मोडली. मग तो ताटाकडे बघतच म्हणाला, "काकू, मुखवटे इथेच राहू द्या. हाताखाली आम्ही येऊ."

वर्षभर उशिरा का होईना, ते वाक्य आलं. काकू लगेच विरघळल्या नाहीत. म्हणाल्या, "बोलायला काय जातंय. ते चित्र कागदावर काढून आण. कोपऱ्यातल्या ठिपक्यासकट."

आता तो कागद त्यांच्या ओट्याच्या वर चिकटवलेला आहे. जो जिना चढून येतो, त्याच्या ठिपक्यापासून आपल्या ठिपक्यापर्यंत काकू बॉलपेनने रेघ ओढतात. पुन्हा आलात की तीच रेघ गिरवतात. मुखवट्यांचं भाद्रपदाच्या तोंडावर कागद बघून ठरवणार आहेत. माझ्या बायकोची रेघ दोरखंडासारखी झाली आहे. भावाचीही बरी आहे. या प्रकाराला तो 'मॅन्युअल एंट्री' म्हणतो आणि ग्रुपवर टाकायला त्याचे हात शिवशिवतात, पण काकूंनी फोटोला बंदी केली आहे.

परवा मी गेलो, चांगला तासभर बसलो, चहा घेतला. निघताना काकूंनी पेन उचललं आणि माझ्या ठिपक्यापासून तुटक तुटक रेघ काढली. मी म्हटलं, काकू, ही अशी का?

"मोबाइलमध्ये बघत बसलास. अर्धाच आलास."

गुरुवारी पुन्हा जाणार आहे. फोन घरी ठेवून.