आडवा हात

शेजारच्या काकांनी नांदेडला जाऊन वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतलं, त्याला आता वर्ष होत आलं. पोट लहान झालं, पण काका अजून पुष्कळ शिल्लक आहेत. गल्लीत रोज कुणीतरी विचारतंच, "काका, उतरलं न्हाई का अजून?" ते थकल्या आवाजात म्हणतात, "उतरून राहिलं बाबा, हळूहळू."

एक घास ते इतका वेळ चावतात की बघणाऱ्याचा जबडा दुखावा. पंगतीत तर फारच पंचाईत. सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही, हा आपला रिवाज. त्यांच्या अर्ध्या पोळीपायी अख्खी ओळ हात वाळवत बसते. म्हणून हल्ली ते बसतच नाहीत, वाढायला उभे राहतात.

परवा लोहा गावातल्या एका लग्नात ते जिलब्या वाढत होते. एका पाहुण्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला. पूर्वी हेच काका असा हात बाजूला सारून वर दोन जिलब्या टाकायचे. आता निमूट पुढे सरकले.

नवरीचे मामा तापले. "अहो, आग्रह करा की जरा! पाव्हणे काय म्हणतील?"

"तो नको म्हणला ना," काका म्हणाले.

"मग तुम्ही तरी घ्या!" मामांनी काकांच्या हातातल्या ताटातली जिलबी उचलली. काकांनी तोंडापुढं हात आडवा धरला. मामांनी हसत तो बाजूला सारला.

पंगत उठली, पत्रावळी गोळा झाल्या. काका मांडवाच्या खांबाला टेकून, डोळे मिटून, तोच जिलबीचा घास चावत होते.