उजेडमामांनी हलवलेले दिवे

शीतगृहात दिव्यांची देखभाल करणाऱ्या माणसाला सगळे उजेडमामा म्हणत. खरे मामा ते एकीचेच. चार नंबरच्या खोलीत खोकी रचणाऱ्या भाचीला त्यांनी लहानपणापासून वाढवलं होतं. तिचं ऐकून ते सगळ्यांचे मामा झाले.

अंधार त्यांना सोसत नसे. कुठला दिवा गेला की नव्याची वाट न पाहता ते फारशी गरज नसलेला दुसरीकडचा दिवा काढून तिथे लावत. घरीही तेच. बायको विचारायची, "आज आंधळी कोशिंबीर कुठे, मोरीत की स्वयंपाकघरात?"

मग खोलीखोलीत नवे एलईडी दिवे आले. बसवणाऱ्या बाईंनी समजावलं, "प्रत्येक दिव्याची लुकलुक निराळी. आपल्याला दिसत नाही, पण फोनच्या कॅमेऱ्याला दिसते. त्यावरून कोण कुठल्या खोलीत आहे ते वॉचमनला कळेल. कुणी फार वेळ हललं नाही, तर घंटा वाजेल." कामगारांनी खांद्यावरच्या पट्ट्यात, कॅमेरा वर करून, फोन अडकवले. मामांनी मान डोलावली. त्यांच्या लेखी दिवा तो दिवाच.

काही दिवसांनी चार नंबरचा एकुलता दिवा गेला. नऊ नंबरची खोली कुलूप लावून बंदच होती. मामांनी तिथला दिवा आणून लावला.

"माझ्यावर भारी माया, मामा," भाची म्हणाली.

"माया कसली? खोकी वाकडी रचतेस, ती दिसू देत."

दुसऱ्या दिवशी वॉचमनने त्यांना पडद्यावरचा ठिपका दाखवला. "मामा, तुमची भाची भुताटकी शिकली काय? कुलूपबंद नऊ नंबरात दिसतेय."

"फोन गारठला असेल," मामा म्हणाले. दोघं हसले. हसताना मामांच्या मनात काहीतरी खुपलं, पण तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली आणि ते राहून गेलं.

त्याच आठवड्यात, भर दुपारी घंटा वाजली. भाचीचा ठिपका नऊ नंबरात थिजला होता. वॉचमन किल्ल्या घेऊन धावला, मागून मामा. कुलूप उघडलं. आत काळोख, गारठा आणि छताला रिकामा होल्डर.

मामांनी होल्डरकडे पाहिलं. "चार," ते म्हणाले. "अरे, चार नंबर."

चार नंबरात खोकी कोसळली होती. खाली भाची, एक हात चेंगरलेला, ओठ काळेनिळे. वर दिवा लख्ख.

"मामा, किती वेळ लावलास," ती पुटपुटली.

तिला गाडीत घालून नेलं. जगेल, गाडीतले डॉक्टर म्हणाले, हाताचं मात्र कुणी बोललं नाही.

वॉचमनने हळूच विचारलं, "मामा, असे आणखी किती हलवलेत?"

मामांनी लांबच लांब बोळाकडे पाहिलं. दोनमध्ये सातचा, सातमध्ये... पुढचं आठवेना. पहिली पाळी निघून गेली होती, खोल्या रिकाम्या होत्या. जिन्यावरून दुसरी पाळी हसतखिदळत उतरत होती, खांद्यांवर फोन.

मामांनी मुख्य खटका खाली ओढला.

"अहो उजेडमामा, दिवे गेले की," अंधारातून कुणीतरी म्हणालं.

मामांनी खटक्यावरचा हात काढला नाही.