भट्टी बंद करायचं बटन

"तुझ्या काळात लोक अडकलेत," कार्तिक फोनवर म्हणाला. "एक जण पुढे सरकत नाही."

कार्तिक माझा बॉस. तो रायपूरला बसतो, मी भिलाईत स्मृति नगरच्या घरून काम करते. आम्ही टॅबसाठी एक गेम बनवत होतो. टर्न-बेस्ड. म्हणजे बुद्धिबळासारखा. तुमची चाल, मग कॉम्प्युटरची चाल. तुम्ही बटन दाबत नाही तोवर अख्खं जग थांबून राहतं. खेळाडूने आपलं राज्य शेतीच्या काळापासून सुरू करायचं, मग किल्ल्यांचा काळ, मग भट्ट्यांचा, शेवटी कॉम्प्युटरचा. एकेक काळ एकेका डिझायनरकडे होता. भट्ट्या माझ्याकडे. भिलाईच्या पोरीला दुसरं काय देणार?

या धंद्यात लोकांच्या आवडी ठरलेल्या असतात. बहुतेकांना सुरुवातीचा काळ आवडतो. दोन झोपड्या, बाकी नकाशा अंधारात, सगळं अजून व्हायचं असतं. कार्तिकला किल्ले आवडतात. घोडे पळाले की तो खूश. मधल्या काळात मात्र सगळ्यांना जांभया येतात. भट्ट्यांचा काळ बरोबर मधला.

टेस्टिंगला गेम कधीच न खेळलेली माणसं हवी होती. मी बाबांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या ग्रुपला टॅब वाटले. सगळे भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेले, बहुतेक ब्लास्ट फर्नेसवरचे. शेती त्यांनी झटक्यात संपवली. किल्लेही. भट्ट्यांच्या काळात आले आणि तिथेच बसले.

"बोअर होऊन झोपले असतील," कार्तिक म्हणाला. "शुक्रवारी पब्लिशरला डेमो आहे. तोपर्यंत हलले नाहीत तर तो काळ काढून टाकू. किल्ल्यांवरून सीधा कॉम्प्युटर."

"आणि मी?"

"तुझं कॉन्ट्रॅक्ट त्या काळापुरतंच आहे ना."

वर्षभर मान मोडून केलेलं काम. माझं डोकंच फिरलं. स्कूटर काढली आणि हुडको कॉलनीत रामटेके काकांच्या घरी गेले. ग्रुप तिथेच व्हरांड्यात जमतो. बाबाही तिथेच होते. टॅब चार्जरला लावलेला, स्क्रीन चालू, आणि काका त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसलेले. खेळत काही नव्हते. नुसते बघत होते.

"काका, पुढं कावून नाही जाऊन राहिले तुमी?"

"भट्टी चालू हाये ना, बाई."

"मग?"

काकांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. तिथे मेसेज होता: 'नवीन काळ सुरू केल्यास सर्व भट्ट्या त्वरित बंद होतील. पुढे जायचे?'

"हे कोनं लिवलं?" बाबांनी विचारलं.

"मी."

"ब्लास्ट फर्नेसवाल्याची पोरगी अन् हे लिवते. त्वरित म्हने!"

इथे थोडं सांगते. ब्लास्ट फर्नेस म्हणजे घरचा गॅस नव्हे. एकदा पेटवली की वर्षानुवर्षं चालते. दिवाळी असो की संप, ती चालूच. एकदम बंद केली तर आतलं वितळलेलं लोखंड आतच गोठतं आणि भट्टी कामातून जाते. रीतसर बंद करायची तर ते मोठं काम असतं. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. तरी मी 'त्वरित' लिहिलं, कारण बटनाजवळ जागा कमी होती.

"बाबा, हा खेळ आहे. आत लोखंड नाहीये."

"मालूम हाये मले. मी येडा हाओ का?"

"मग दाबा."

"रामटेके, दाब."

"तू दाब ना. सिनियर तू."

"माहा चष्मा घरी रायला," बाबा म्हणाले. चष्मा नाकावरच होता.

मग हळूहळू बाकीचं कळलं. सगळ्यांनी मिळून हीच एक भट्टी धरली होती आणि हा टॅब ते बंदच करत नव्हते. भट्टीजवळ कोणीतरी पाहिजे म्हणून शिफ्ट लावली होती. दुपारी बिसेन काका यायचे. मी हात जोडून सांगितलं, अहो, टर्न-बेस्ड आहे, तुम्ही घरी जाऊन झोपलात तरी काही होणार नाही. रामटेके काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "असं कसं? भट्टी कोनासाठी थांबते का?"

लोखंडाचा नुसता ढीग झाला होता. शेजारचा राजा फौज घेऊन चालून आला, तेव्हा यांनी त्याला रेल्वेचे रूळ दिले. राजा रूळ घेऊन परत गेला. गेममध्ये असं करता येतं हे मलाही माहीत नव्हतं.

शेवटी वैतागून मीच बटनाकडे हात नेला. बाबांनी माझं मनगट धरलं. जन्मात कधी धरलं नव्हतं.

"माह्यी भट्टी बंद केली तवा मी रिटायर होऊन घरी होतो," ते म्हणाले. "कोनं सांगतलं नाही. पानठेल्यावर समजलं. लय वाईट वाटलं मले. एक फोन करा लागत होता त्याईनं."

मी हात मागे घेतला. घरी येऊन कार्तिकला फोन लावला.

"ते अडकलेले नाहीत. त्यांना भट्टी सोडवत नाहीये."

"चार्टमध्ये दोन्ही सारखंच दिसतं."

"म्हणून तर चार्ट सोडून मी हुडकोला गेले."

"ठीक है. मग मेसेज काढून टाक. भट्टी गायब कर, उनको पता ही मत चलने दे."

"ते होणार नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, आणि चढू दिला. "शुक्रवारपर्यंत थांब. मग काढ, काळ पण आणि मला पण."

मग कोडिंगला बसले. भट्टी बंद करायचे वेगळे टर्न बनवले. आधी वरून माल टाकणं थांबवायचं. मग शेवटचं लोखंड काढायचं. मग आत फुंकली जाणारी हवा बंद. ज्याला घाई आहे त्याने हे टाळून पुढे जावं. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे. "हवा आधी नोको बंद करू, नोको करू," हे एवढ्या वेळा ऐकलं की शेवटी त्यांना चहा करायला पाठवलं.

शुक्रवारी डेमो काकांच्या व्हरांड्यातूनच, व्हिडिओ कॉलवर. एका बाजूला कार्तिक, एका बाजूला बंगळूरहून पब्लिशरच्या मॅडम. काका लोक इस्त्रीचे शर्ट घालून आले. रामटेके काकांनी सेफ्टी शूज घातले होते. व्हरांडा त्यांचाच, तरी घातले.

माल थांबला. शेवटचं लोखंड निघालं. हवेचं बटन आलं तसे सगळे खुर्च्यांवरून उठले.

"ये लोग खड़े क्यों हो गए?" कार्तिकने विचारलं.

"शटडाऊन हाये," बिसेन काका म्हणाले. "उभं राहा लागते."

पलीकडे बंगळूरच्या मॅडमही उभ्या राहिल्या. मग कार्तिकही, काही न कळता.

बाबांनी स्वतः बटन दाबलं. स्क्रीनवरची आग खाली खाली गेली आणि काळा धूर तेवढा राहिला. बाबा रडले. रुमाल काढून सरळ रडले. मीही रडले, कॅमेरा चालू असताना. डेमोत असं करू नये.

भट्ट्यांचा काळ राहिला. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मॅडमनी कार्तिकला विचारलं, तुमचे किल्ले पण असे रीतसर रिकामे करता येतील का. तो अजून त्यावर बसलाय.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पुन्हा शेतीपासून सुरुवात केली. कॉम्प्युटरचा काळ कसा वाटला, मी विचारलं, कारण फीडबॅक लिहून द्यायचा होता.

"पाह्यला. चांगला हाये," ते म्हणाले. "पन तिथं काही बंद पडलं, त कोनाले काही वाटत नाही."

मी तसंच लिहून पाठवलं. तेव्हापासून नवीन टेस्टरला आवडता काळ कोणता, हे मी विचारत नाही. त्यावर लोक काहीही सांगतात. कोणतं बटन दाबताना हात अडखळला, एवढंच विचारते.