लेडीज वॉशरूममधला हत्ती

अर्जुनरावांना जगातल्या निम्म्या गोष्टींची किळस येते. उरलेल्या निम्म्या त्यांनी अजून नीट पाहिलेल्या नाहीत. चहावरची साय, कॅन्टीनमधला ओला चमचा, दुसऱ्याच्या हेल्मेटचा पट्टा, बसमध्ये मानेवर येणारी मागच्याची जांभई, कशानेही त्यांचा चेहरा कारल्याचा रस प्यायल्यासारखा होतो. गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीत ते लाइन सुपरवायझर आहेत. गाव त्यांचंच. आज जिथे आमचं पार्किंग आहे, तिथे पूर्वी त्यांचा भुईमूग असायचा. त्या पार्किंगात कुणी गुटखा थुंकला की अर्जुनराव असे कळवळतात, जणू त्यांच्या ताटातच थुंकला.

अशा माणसाची लाइन नेमकी लेडीज वॉशरूमला खेटून होती. दिवाळीपासून तिथला पाइप तुंबलेला. आत जायचं तर पाण्यात टाकलेल्या विटांवरून, साडी किंवा ओढणी सावरत. अर्जुनराव आत कधी गेले नाहीत, पण वास काही आत-बाहेर मानत नव्हता.

लाइनवर पहिल्या जागेवर स्वरूपा बसते. हिंगोलीकडची, नवऱ्याबरोबर इकडे आलेली. एके दुपारी ती चक्कर येऊन खुर्चीतच कलंडली.

"पानी प्याली न्हाईस का गं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"पाणी पिलं की तिकडं जावं लागतंय, काका. त्यापरीस चक्कर बरी."

अर्जुनरावांनी बाकीच्या बायांच्या बाटल्या पाहिल्या. एकीच्याही बाटलीत पाणी कमी झालेलं नव्हतं. अर्जुनराव तडक ॲडमिनच्या मुकुंदसाहेबांकडे गेले.

मुकुंदसाहेब राहायला शहरात, निगडी प्राधिकरणात. गोड माणूस, आयुष्यात कुणाला नाही म्हटलेलं नाही. जे काय ते मेलवर सांगतात, आणि मेल इंग्रजीत. "वी आर लुकिंग इन्टू इट" असा मेल आला. अर्जुनरावांनी तो लाइनवर मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या तक्रारीला "टॉप प्रायॉरिटी" आलं, त्याच्या पुढच्या तक्रारीला "गुड पॉइंट". पाइप मात्र तुंबलेलाच राहिला.

त्याच सुमारास कंपनीने शनिवारी शिफ्ट सुटल्यावर इंग्रजीचा वर्ग काढला. शिकवायला सलोनी मॅडम. पोरसवदा, पण हुशार. डिक्शनरीला हात लावू द्यायच्या नाहीत. वाक्यावरून, प्रसंगावरून अर्थ काढा म्हणायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वाक्प्रचार काढले.

"घशात बेडूक, म्हणजे आवाज बसलाय."

अर्जुनरावांनी हातातला वडापाव पुन्हा कागदात गुंडाळला. "जित्ता का मेलेला?"

"काका, खरा बेडूक नाही हो! आता पुढचं. पोटात फुलपाखरं, म्हणजे धाकधूक होतेय. पँटमध्ये मुंग्या, म्हणजे चुळबूळ. किड्यांचा डबा उघडला, म्हणजे नसती भानगड झाली."

वडापाव कचऱ्याच्या डब्यात गेला.

"मॅडम, ही मान्सं आंघोळ करत न्हाईत का?"

वर्ग हसला, सलोनी मॅडमही हसल्या. "शब्दाकडे बघू नका, काका. कोण बोललं, कधी बोललं आणि बोलल्यावर पुढे काय झालं, ते बघा. अर्थ तिथे असतो."

हे मात्र अर्जुनरावांनी धरून ठेवलं. सोमवारपासून ते रोजच्या मीटिंगला कान टवकारून उभे राहू लागले. लुकिंग इन्टू इट: पुढे काय झालं? कुणी फिरकलं नाही. टॉप प्रायॉरिटी: बसा वाट बघत. गुड पॉइंट: आता गप्प बसा.

"मला इंग्रजी यायला लागलं गं," ते स्वरूपाला म्हणाले, "आन आता त्या बेडकापरीस जास्त शिसारी येती. गोड बोलायचं आन उष्टा हात दुसऱ्याच्या सदऱ्याला पुसायचा, शी!"

त्या सगळ्या भाषेत त्यांना एकच शब्द असा सापडला, की जो उच्चारल्यावर माणसं खरोखर पळायची. तो म्हणजे कस्टमर.

आणि कस्टमरची व्हिजिट ठरली. आमच्याकडे व्हिजिट म्हणजे लग्नघर. जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवतात, भाड्याच्या कुंड्या येतात, आणि लाइनशेजारच्या वॉशरूमला कुलूप घालून वर 'अंडर मेंटेनन्स'चा कागद डकवतात. बायांना सांगतात, पाहुणे जाईपर्यंत जरा ॲडजस्ट करा.

"काका, त्या दिवशी ओव्हरटाइम बी हाय," स्वरूपा हळूच म्हणाली.

शनिवारी अर्जुनराव वर्गात सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. "मॅडम, सगळ्यांला दिसती पर कुनी तिचं नावच काढत न्हाई, अशा गोष्टीला काय म्हनत्यात इंग्रजीत?"

"खोलीतला हत्ती, काका. एलिफंट इन द रूम."

"हत्ती! चला, एक तरी स्वच्छ जनावर निघालं."

व्हिजिटच्या वेळापत्रकाचा मेल आलेलाच होता, खाली 'एनी सजेशन्स?' असं लिहिलेलं. अर्जुनरावांनी एका बोटाने उत्तर टाइप केलं: "डिअर सर, देअर इज ॲन एलिफंट इन लेडीज वॉशरूम सिन्स दिवाळी. ऑल आर लुकिंग इन्टू इट. नोबडी इज रिपेअरिंग इट. रिगार्ड्स." आणि 'रिप्लाय ऑल' दाबलं. आमच्याकडे सगळे तेच दाबतात, कारण एकट्याला पाठवलेलं उत्तर हटकून "मला मेलच नव्हता" या वाक्यात बुडतं. फक्त या वेळी त्या 'ऑल'मध्ये कस्टमरही होता.

मुकुंदसाहेब टाय खांद्यावर उडवत धावत लाइनवर आले. "अहो अर्जुनराव, कस्टमरला गेलं ते! हत्ती काय, हत्ती? इज्जत गेली कंपनीची!"

"व्हय? चुकून गेलं बगा. पर साहेब, शब्दाकडं बघू नगा. पुढं काय हुतंय त्ये बघू."

पुढे कस्टमरचं एका ओळीचं उत्तर आलं: प्लांट राउंडमध्ये लेडीज वॉशरूमही घ्या.

मग मात्र जे दिवाळीपासून बघणं चाललं होतं, ते करणं सुरू झालं. प्लंबर आले, फरशी उखडली, पाइप उघडला. आतून जे निघालं ते सांगवत नाही, पण अर्जुनरावांनी पाहिलं म्हणून सांगतो: चहाचे कप, चिंध्या, गुटख्याच्या पुड्यांचा लगदा आणि त्या सगळ्याला धरून ठेवणारं काहीतरी करडं, बुळबुळीत. त्यांना दोनदा उमासा आला. नाकाला रुमाल लावून, डोळ्यांतून पाणी गाळत, पण काम संपेपर्यंत माणूस तिथून हलला नाही. "त्यो कोपरा ऱ्हायला! त्यो बी काढ!" रुमालाआडून आवाज येत होता.

व्हिजिटच्या आदल्या दिवशी मुकुंदसाहेबांचा मेल आला, "इश्यू क्लोज्ड. थँक्स फॉर युअर सपोर्ट." बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. अर्जुनरावांनी नाही. क्लोज्ड या शब्दाचं पुढे काय होतं, ते त्यांनी अजून पाहिलेलं नव्हतं.

ते वॉटर कूलरपाशी जाऊन उभे राहिले. शिफ्ट नुकतीच लागली होती. स्वरूपा आली, बाटली भरली, तिथेच उभ्या उभ्या सगळी घटाघटा प्यायली आणि तोंड बाहीला पुसलं.

"शी! बाहीला पुसती? रुमाल न्हाई का तुला?" अर्जुनराव कळवळले.

ती हसली आणि बाटली पुन्हा भरायला लावली.

"आत्ता झालं क्लोज्ड," अर्जुनराव म्हणाले, आणि कूलरच्या ओल्या तोटीकडे तिरकस बघत दोन पावलं मागे सरले.