कढीपत्त्याच्या कुंडीतली माती

इथे राजधानीत, द्वारकेतल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कढीपत्त्याची एक जुनी कुंडी आहे. "याला औषधाचा थेंब माहीत नाही," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. परीक्षेच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून आलेल्या शेजारच्या मुली पोह्यांसाठी पानं मागायला यायच्या. त्यांनाही मूठभर पानांबरोबर हे वाक्य फुकट.

खरं असं, की लग्न होऊन इथल्या सरकारी क्वार्टरमध्ये एक दीडशहाणी आली होती, म्हणजे मीच. कीटकनाशकाच्या बाटलीवरचं इंग्रजी वाचता येतं म्हणून स्वतःला शास्त्रज्ञ समजायची. पानावर मावा दिसला की पदर खोचून, पंप उचलून निघालीच लढाईला! त्या बयेला मी आज कितीही हसले, तरी तिची सवय काही सोडली नाही. बाटली गीझरच्या मागे. दुपारी घर रिकामं झालं, की फुस्स फुस्स.

माझी नात मायक्रोबायोलॉजी शिकते. कीटकनाशक पचवणारे जिवाणू शेतातल्या मातीतून शोधायचे, ते गव्हाच्या कोंड्यावर आणि भाताच्या पेंढ्यावर वाढवायचे, मग त्यांनी सोडलेलं एन्झाइम गाळून घ्यायचं. ते एन्झाइम फवारलेल्या विषाचे तुकडे करतं. असा तिचा प्रकल्प. कोंडा मीच चक्कीवरून आणून दिला.

"थँक्यू आजी, चोकर एकदम मस्त आहे."

"कोंडा म्हण गं."

"अच्छा बाबा, कोंडा!"

तुलनेसाठी तिला विष न लागलेली माती हवी होती. "तुझ्या कुंडीतली बेस्ट," म्हणत ती चमचाभर माती घेऊन गेली. आणि मी? साखर केव्हाच विरघळली होती, तरी चहा ढवळत बसले.

परवा ती रडवेली होऊन आली. "आजी, सगळं वाया गेलं. विष घातलेल्या प्लेटवर तुझ्या मातीतलं काही जगायलाच नको होतं. आणि शेतातल्यापेक्षा तेच जास्त वाढलंय! माझ्याच हातून काहीतरी घाण झाली यार. सगळं फेकून पुन्हा करते."

मी उठले. गीझरमागची बाटली आणून तिच्यासमोर ठेवली.

"तुझे हात स्वच्छ आहेत."

तिने बाटली फिरवून पाहिली. "कधीपासून?"

"तुझा बाबा रांगत होता तेव्हापासून. कुंडी हीच."

तिचे डोळे चमकले. "म्हणजे तुझे जिवाणू इतकी वर्षं हेच खातायत? आजी, असे तर मला शोधूनही मिळाले नसते!" ती हसली, आणि एकदम थांबली. "त्यांना पचतं. आपल्याला?"

या घरातली प्रत्येक फोडणी डोळ्यांसमोरून गेली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात शेजारच्या मुली, हातात रिकामी वाटी. नात आतून माझ्याकडे बघत होती.

"आत या," मी म्हटलं. "आज पानं नाहीत."

"अय्या, झाड गेलं का आजी?"

"नाही गं, चांगलं धडधाकट आहे. तेच तर सांगायचंय. बसा."