देऊळगावहून आणलेली जीप

अर्जुनराव जेवायला बसले तरी एक गुडघा उभा ठेवून बसायचे. कुणी हाक मारली तर उठायला वेळ नको. बायको जनकाबाई म्हणायची, "यायच्या पायाले भिंगरी हाये. चितेवर ठेवलं तरी कुशी बदलतीन."

डोणगावपासून कोसभर आत, नाल्यापलीकडे त्यांचं गाव. थोरले भाऊ पुंजाजी आणि ते, एकाच चुलीवर. आईबाप लवकर गेले, तेव्हा पुंजाजींनी आणि वच्छलावहिनींनी अर्जुनरावांना लेकरासारखं वाढवलं. पुंजाजी शांत, कमी बोलणारे. शेत त्यांचं, आणि बाजार, बियाणं, कचेरी, सोयरीक हे सगळं बाहेरचं अर्जुनरावांचं. मेहकरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये दोन हंगाम ट्रकवर काढले होते, तिथेच ते स्टिअरिंग धरायला शिकले. पण घरी होत्या बैलगाड्या, आणि गावात एस.टी. येत नव्हती.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पोळ्याच्या आधी पुंजाजींच्या पोटात कळा सुरू झाल्या. काढे झाले, शेक झाला. दुसऱ्या दिवशी पोट फळीसारखं कडक झालं, तेव्हा अर्जुनरावांनी गाडी जुंपली. वच्छलाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. डोणगावला पोचले तर एस.टी. निघून गेलेली. मग तशीच गाडी मेहकरच्या रस्त्याला घातली. अर्जुनराव धुरेवर उभे राहून बैल हाणत होते. बैल आपले बैलाच्याच चालीनं चालत होते. मेहकरची घरं दिसायच्या आधीच वच्छलाबाईंनी मागून हाक मारली, "आता नका पळवू."

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आतडं फुटलं होतं, फार उशीर झाला.

हा 'उशीर' अर्जुनरावांच्या कानात जाऊन बसला. त्या वर्षी त्यांनी पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग लावला नाही. पुढे बैलगाडीत बसणंच सोडलं. कुठेही जायचं तर पायी, भराभर, बरोबरच्या माणसाला धाप लागेपर्यंत.

पुढच्या चैत्रात ते बालाजीच्या दर्शनाला देऊळगाव राजाला गेले आणि तिथे त्यांना कळलं की एक ठेकेदार आपली जुनी जीप विकतो आहे. मूळची लष्कराची. हुड फाटलेलं, एका बाजूला पत्रा चेपलेला, पण इंजिनाचा आवाज चांगला. अर्जुनरावांनी गाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि तिथल्या तिथे सौदा करून टाकला. घरी कुणाला विचारलं नाही.

ठेकेदाराचा ड्रायव्हर शेषराव जीप पोचवायला आला. सुलतानपूरच्या अलीकडे गाडी अडखळली आणि बंद पडली.

"काय झालं?" अर्जुनराव उडी मारून खाली उतरले.

"गरम झाली असंल. घोटभर चहा घेऊ, तवर थंड होती."

चहा झाला, आणि खरंच गाडी सुरू झाली. संध्याकाळच्या उन्हात ती नाला ओलांडून गावात शिरली तेव्हा अख्खं गाव पारावर जमलं होतं. जनकाबाईनं बॉनेटला कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. वच्छलाबाई मात्र दारात उभ्या राहून पाहत होत्या. जवळ आल्या नाहीत. शेषराव दुसऱ्या दिवशी सकाळी डोणगावहून एस.टी.नं परत गेला.

तो गेला आणि जीप सुरू होईना.

बटण दाबलं की इंजिन कण्हायचं, फिरायचं, पण धरायचं नाही. दुपारपर्यंत बॅटरी बसली. मग अर्जुनरावांनी पुढून हँडल घातलं. हँडल उलटं फिरलं आणि मनगटावर असं बसलं की हात सुजून आला. त्यांनी हळद लावून फडकं बांधलं आणि दुसऱ्या हातानं पुन्हा सुरू केलं.

शेजारचा कडूबा त्यांच्याच वयाचा, लहानपणापासूनचा सोबती. तो बिडी ओढत आला.

"काय बे अर्जुना, घोडी रुसली काय?"

"ती बिडी फेक आधी. पेट्रोल हाये इथं. आणि ये, ही तार धर."

अर्जुनरावांनी प्लग काढून इंजिनाला टेकवला होता. हँडल फिरवलं तशी प्लगच्या टोकाला निळी ठिणगी उडाली, आणि कडूबा ओरडून दोन हात मागे जाऊन बसला.

"झिणझिणलं बे! मले मारतं काय?"

"ठिणगी हाये," अर्जुनराव म्हणाले. कडूबाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. "ठिणगी चांगली हाये. म्हणजे पेट्रोल येऊन नाही राह्यलं."

त्यांनी कार्बोरेटरचं तोंड उघडलं आणि वाटीनं थोडं पेट्रोल आत ओतलं. हँडल मारलं. जीप गरजली. पारावरची माणसं धावत आली. जनकाबाई पीठ माखल्या हातानं बाहेर आली. आणि तेवढ्यात ती पुन्हा बंद. पुन्हा वाटी, पुन्हा गर्जना, पुन्हा बंद.

"घास तोंडात देला तं खाते," कडूबा म्हणाला, "आपल्या हातानं जेवत नाही."

लोक हसले. पण बोलणं खरं होतं. मग अर्जुनराव टाकीपासून इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपापर्यंत रांगू लागले. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली; झाकण उघडून काडी घातली, पेट्रोल भरपूर. पंप खोलला, काचेची वाटी स्वच्छ, आतला पडदा शाबूत. राहिली मधली नळी. पंपाकडचं टोक सोडवून तोंडात धरलं आणि जोरानं फुंकलं. मागे टाकीत बुडबुड आवाज आला. म्हणजे नळीही मोकळी. सगळं ठीक होतं, आणि जीप सुरू होत नव्हती.

मेहकरच्या मिस्त्रीला निरोप गेला. तो लेकीच्या लग्नाला गेलेला. पुन्हा निरोप गेला, तर 'येतो' म्हणाला आणि आला नाही.

त्या दिवसांत अर्जुनरावांना कुठेच चैन पडेना. सकाळी तोंड धुता धुता ते बॉनेटपाशी यायचे. जेवताना उठून जायचे, एखादा स्क्रू पिळून परत यायचे, पुन्हा उठायचे. जीपचे भाग गोणपाटावर मांडलेले, तेच पुसायचे, तेच बसवायचे, तेच पुन्हा काढायचे. वखरणी तशीच पडली होती.

"वावर कोण करीन?" जनकाबाईनं शेवटी विचारलंच. "काम नाही, धंदा नाही, दिवसभर त्या डब्यात मुंडकं. लोक म्हणतात, कोंबड्या ठेवा आता तिच्यात."

"लोकाइले म्हणा, चूप बसा."

"मी लोकाइचं नाही म्हणून राह्यली. तुमचं म्हणून राह्यली. हात पाहा कसा सुजला."

अर्जुनरावांनी हातातला पाना अंगणात फेकला. तो हौदावर आदळून मोठा आवाज झाला. मग स्वतःच जाऊन तो उचलून आणला, पुसला आणि पुन्हा जीपखाली शिरले.

एका दुपारी सगळीकडे सामसूम असताना वच्छलाबाई ताकाचा गडवा घेऊन निंबाखाली आल्या. जीप आल्यापासून त्या पहिल्यांदाच तिच्याजवळ आल्या होत्या. अर्जुनराव चाकाला टेकून बसले होते. बसले होते, पण पाय हलत होता.

"घ्या. सकाळपासून काही पोटात नाही."

त्यांनी गडवा घेतला. वच्छलाबाई गेल्या नाहीत.

"भाऊजी, हे गाडी तुम्ही कोनासाठी आनली?"

"गावात असावी एखादी. काही अडलं-नडलं तं..."

"त्यायच्यासाठी आनली."

अर्जुनरावांनी घोटभर ताक पिऊन गडवा खाली ठेवला.

"तुमाले वाटते, बैल पळाले असते तं ते वाचले असते," त्या म्हणाल्या. "डाक्टरनं मले येगळं सांगतलं होतं. म्हणे, बाई, आतडं तं घरीच फुटलं होतं. आदल्या दिवशीच आनाले पाह्यजे होतं. आदल्या दिवशी मी तुमाले म्हटलं नाही, कावून की तेच नको म्हणत. गॅस झाला म्हणत. मंग ते का माह्यावर धरून बसू मी जलमभर?"

"तसं नाही वहिनी..."

"आयका. एक गोठ मी तुमाले सांगतली नाही. तुम्ही बैलाइले मारून राह्यले होते, आठवते? तुमचं ध्यान पुढं होतं. ते मांडीवरून मले म्हणे, अर्जुनले सांग, बैलाले मारू नको म्हणा. मी सांगनार होती. पन तुमचा चेहरा असा होता का मले भेव वाटलं. मंग सांगाचं राहूनच गेलं. ते गेल्यावर कोन्त्या तोंडानं सांगू?"

अर्जुनरावांचा हलणारा पाय थांबला.

"शेवटचं हेच बोलले?"

"मंग हातानंच पानी मांगलं. पन बोलले शेवटचं हेच. त्यायले तरास होता, पन भेव नव्हतं भाऊजी. भेव तुमाले होतं."

त्या गडवा घेऊन निघून गेल्या. अर्जुनराव उठून गोठ्यात गेले. बैल रवंथ करत उभे होते. पाठीवरचे मागचे वळ केव्हाच बुजले होते. त्यांनी वैरण टाकली, दोघांच्या मानेखालून हात फिरवला, आणि तोंडाला पदर नसलेल्या माणसानं जसं रडावं तसं, भिंतीकडे तोंड करून रडले. जनकाबाई शेण काढायला आली होती. ती पाटी घेऊन दारातूनच मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी पहाट उजाडल्यावर ते वखर घेऊन वावरात गेले. ऊन तापेपर्यंत वखरलं, परत आले, अंघोळ केली, नीट मांडी घालून जेवले. मग जीपकडे गेले. या वेळी पाना घेतला नाही. टाकी धुऊन पाहू, तळाशी गाळ असेल, म्हणून आधी पेट्रोल डब्यात काढायचं ठरवलं. घासलेटच्या पिंपातून काढतात तसं काढावं म्हणून त्यांनी पंपाकडची नळी सोडवून तोंडाला लावली आणि ओढलं.

काही आलं नाही.

पुन्हा ओढलं. गाल आत गेले, ओठ नळीला चिकटले, पण पेट्रोलचा थेंब नाही. त्यांनी फुंकलं. टाकीत बुडबुड. ओढलं, तर काही नाही. फुंकलं, बुडबुड.

ते नळी हातात धरून तसेच उभे राहिले. फुंकलं तर जाते आणि ओढलं तर येत नाही. आणि पंप तर ओढतोच! इतके दिवस आपण उलट्या बाजूनं तपासत होतो.

"कडूबा!" त्यांनी भिंतीवरून हाक मारली. "चाकू आन!"

पत्र्याची नळी आणि पंप यांच्यामध्ये वीतभर रबरी नळी होती. बाहेरून धडधाकट. कडूबानं ती उभी चिरली. आतलं अस्तर सुटून पापुद्र्यासारखं लोंबत होतं. फुंकलं की ते मागे सरायचं, ओढलं की तोंडावर येऊन बसायचं.

"झडप झाली बे हिची," कडूबा म्हणाला. "सुलतानपूरलेही हेच झालं असंन. थांबली का मोकळी, ओढली का बंद."

नवी नळी मेहकरशिवाय मिळणार नव्हती. अर्जुनरावांनी फवारणीच्या पंपाची नळी तेवढी कापली. जनकाबाई "अहो, तो पंप!" म्हणेपर्यंत कापून झाली होती. बसवली, तारेनं आवळली. डाव्या हातानं हँडल मारलं. पहिल्या खेपेला जीप खोकली. दुसऱ्या खेपेला सुरू झाली, आणि सुरूच राहिली.

कडूबा हसत होता. पोरंटोरं मागच्या फळीला लोंबकळली. अर्जुनराव मात्र कान देऊन आवाज ऐकत उभे होते. आता बंद पडेल, आता बंद पडेल, असं वाटत होतं. पडली नाही. तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"वहिनी, चाला. सुलतानपूरले तुमच्या माहेरी जाऊन येऊ. तिकडं गेल्याले वर्ष झालं तुमाले."

वच्छलाबाईंचं माहेर सुलतानपूरचं. नवरा गेल्यापासून त्या मेहकरच्या रस्त्याला गेल्या नव्हत्या. त्या चुलीपाशी बसून राहिल्या. मग जनकाबाईकडे पाहिलं.

"तूही चाल."

"मी? त्या डब्यात?" जनकाबाई म्हणाली, आणि लुगडं बदलायला गेली.

डोणगाव सुटलं आणि गाडी मोठ्या रस्त्याला लागली तसा अर्जुनरावांचा पाय दाबत गेला. वारा डोळ्यांत जाऊ लागला. जनकाबाईनं एका हातानं कडी आणि दुसऱ्या हातानं वच्छलाबाईंचा दंड धरला होता. "हळू घ्या!" ती ओरडत होती. वच्छलाबाई बाहेर पाहत होत्या. मेहकर आलं, गेलं. त्यांनी डोळे पुसले, पण ते वाऱ्यानंही असेल.

पुढे पाच-सहा वर्षं ती जीप गावात राहिली. सापाचं झालं, पोटदुखीचं झालं, अडलेल्या बाया झाल्या. सगळे वाचले असं नाही. गावातल्या गोजरबाईला मुलगी वाटेत न होता दवाखान्यात झाली, त्या दिवशी अर्जुनराव बाहेरच्या ओसरीवर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत होते.

"काका, बसा की हो," नर्स म्हणाली. "तुमची लेक आहे का?"

"नाही. गावची हाये."

"मग बसा."

ते बसले. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला तसे पुन्हा उठले आणि गोजरबाईच्या नवऱ्याला शोधत बाहेर, जीपकडे निघाले.