फी शेठची, वकील कामगाराचा

ते प्रकरण विसरू म्हटलं तरी विसरत नाही, आणि मला ते विसरायचंही नाही.

मी आठवीपर्यंत शिकलो. कोलकात्यात पोलीस शिपाई म्हणून लागलो आणि सहायक उपनिरीक्षक होऊन निवृत्त झालो, तेही कुणाच्या दारात उभं न राहता. वकिलांबद्दल मला आदर वगैरे काही नव्हता. आम्ही धरायचं आणि त्यांनी सोडवायचं, एवढंच माझं मत. ते आजही फारसं बदललेलं नाही. एका वकिलापुरतं बदललं.

आमच्या हद्दीत गलाईचे कारखाने होते. सराफाकडची मोड आणायची, गाळायची आणि शुद्ध सोन्याची लगड करून परत द्यायची. हा धंदा इथे आमच्या सांगली-साताऱ्याकडच्या माणसांचा, माझ्या वडिलांचाही तोच. अशाच एका मराठी शेठने फिर्याद दिली, की सराफाचं गाळायला आलेलं सोनं घेऊन कामगार पळाला. कामगार शेठच्याच गावचा, चाळिशीतला, बायको आणि मुलगी गावाकडे. बडोबाबूंनी, म्हणजे आमच्या ठाणेदारांनी, तपास माझ्यावर टाकला. म्हणाले, तुमचे लोक आहेत, तुम्हीच निस्तरा.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता कोणी तरी हिंदीत म्हणालं, तुमचा माणूस डमडम स्टेशनवर बसलाय. ती हिंदी आमच्याकडची होती, हे मला पहिल्याच वाक्यात कळलं. गेलो तर गडी खरंच फलाटावर बाकड्यावर, पिशवी मांडीवर घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा बसलेला. पळणारा माणूस असा बसत नाही. मला बघून उठला आणि मी विचारायच्या आत म्हणाला, "साहेब, मीच नेलं."

पिशवीत कपडे आणि चिवडा. सोन्याचा पत्ता नाही.

चौकशीतही तेच. मी आयुष्यभर पाहिलंय, चोर चोरी नाकारतो, पण माल कुठे आहे ते त्याच्या तोंडावर दिसतं. हा चोरी कबूल करत होता आणि माल कुठाय म्हटलं की भिंतीकडे बघत होता. आधी म्हणाला विकलं, मग म्हणाला गाडीत हरवलं. मी आवाज चढवला, चहा पाजला, गावच्या जत्रेचं विचारलं. काही उपयोग झाला नाही.

एवढ्यात शेठ स्वतः वकील घेऊन आला. म्हणाला, चुकला तरी आमचाच माणूस आहे, वकील मी देतो. ठाण्यातल्या पोरांना शेठ देवमाणूस वाटला. मला मात्र चैन पडेना. फिर्यादीच आरोपीला वकील देतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

वकील बंगाली, किडकिडीत, जुना काळा कोट. त्याने कामगाराला वकीलपत्र समजावून सांगितलं, त्याची सही घेतली आणि म्हणाला, मला पक्षकाराशी एकट्याने बोलायचंय. शेठही मागोमाग खोलीत शिरायला लागला.

"तुम्ही बाहेर थांबा," वकील म्हणाला.

शेठ हसला. "अहो वकीलबाबू, फी मी दिलीय."

"दिलीत. पटत नसेल तर परत घेऊन जा. पण सही याची आहे, तेव्हा मी याचा."

मग माझ्याकडे वळला. "दादा, तुम्हीही. नजर ठेवा, कान नको."

मी ऐकणारा नव्हतो, पण कायदा त्याच्या बाजूचा होता. काचेबाहेर उभा राहिलो. शेठ माझ्या शेजारी रुमालाने मान पुसत होता. गलाईवाल्याच्या हातात दिवसभर दुसऱ्याचं सोनं असतं, मजुरी मिळाली म्हणून ते त्याचं होत नाही. पक्षकाराचं गुपित वकिलाच्या हाती तसंच असतं. शेठला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं. पण पैसे टाकले की माणूस आपला झाला, ही त्याची समजूत.

आत वकील थोडंच बोलला. कामगार खाली मान घालून काहीतरी बोलला, मग बाहीने डोळे पुसले. दार उघडलं. वकील म्हणाला, याला पुन्हा जबाब द्यायचाय, मला काही विचारू नका.

कामगार माझ्यासमोर बसला. "साहेब, हे म्हणाले, शेठचं काय होईल ते मी बघणार नाही, तुझं काय होईल ते बघणार. असं मला आजवर कोणी म्हणालं नव्हतं."

मग सगळं सांगितलं. मी नेलं असं म्हण, जामीन करतो, मुलीचं शिक्षण माझ्याकडे लागलं, असं शेठनेच पढवलं होतं. सोनं कामगाराने कारखान्यातून शेठच्या मेहुण्याच्या हातात जाताना पाहिलं होतं. पुढचं काम आमचं. सॉल्ट लेकला मेहुण्याच्या घरी पंचांसमोर झडती घेतली आणि देव्हाऱ्याखालच्या खणात सगळं मिळालं. फोनही मेहुण्यानेच केला होता. कामगार सुटून गावी गेला. शेठला अटक झाली, तर त्याने त्याच वकिलाला बोलावणं धाडलं. वकिलाने निरोप दिला, याच प्रकरणात मी त्या कामगाराचा वकील होतो, आता तुमचा होता येणार नाही.

निवृत्तीनंतर डमडमला चहाच्या दुकानात हा वकील भेटू लागला. एकदा म्हटलं, प्रकरण मिटलं, शेठही वारला, आता तरी सांगा, त्या खोलीत तो कामगार आधी काय बोलला? त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि आणखी एक चहा मागवला. मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "ते त्याचं आहे, दादा. माझं असतं तर सांगितलं असतं."

मला राग आला, खोटं कशाला बोलू? खुनाचे आरोपी माझ्यापुढे बोलले आहेत. पण घरी येईपर्यंत राग उतरला. मी आयुष्यभर माणसांना बोलतं केलं आणि त्याचा मला अभिमान आहे. गप्प राहणं हीसुद्धा नोकरी असते, आणि ती चोख करणारा माणूस पोलिसाच्याही कामी येतो, हे त्या प्रकरणाने शिकवलं. तो वकील शेठचा निघाला असता, तर एक निरपराध माणूस मीच कोर्टापुढे उभा केला असता.

गेल्या वर्षी मृत्युपत्र करायचं ठरवलं, ते त्याच्याकडेच केलं. बायकोलाही न सांगितलेल्या गोष्टी त्याला सांगितल्या. मुलगा न्यू टाउनला कंपनीत आहे, रोज विचारायचा, बाबा, काय लिहिलंत? मी म्हटलं, वकिलांना विचार.

तो खरंच जाऊन आला. तोंड पाडून जेवायला बसला. म्हणाला, "त्यांनी नुसता चहा पाजला."

मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.